सोफ्यावर बसून लिहिलेली घोड्याची कहाणी

‘ब्लॅक ब्युटी’ हे पुस्तक आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरात कधी ना कधी येऊन गेलेलं असतं. मुलांना शाळेत बक्षीस म्हणून मिळतं, नाहीतर पुस्तक प्रदर्शनातून स्वस्तात आणलेलं असतं. वर काळाभोर घोडा, आत मोठी अक्षरं, मधेमधे चित्रं. घोडा शेवटी चांगल्या घरी जातो म्हणून मुलं खूश होतात आणि पुस्तक माळ्यावर जातं. ते लिहिणाऱ्या बाईचं नाव ॲना स्युएल, हे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

माझ्या लक्षात राहिलं ते माझ्या कामामुळे. आमच्या भागातल्या अपंग मुली आणि बायका यांच्या घरी माझं जाणं-येणं असतं. दाखले, तीनचाकी सायकल, शिवणयंत्र, असली कामं. बहुतेक घरांत कुणीतरी, तिच्यादेखतच, हिच्या हातून आता काय होणार असं बोलून जातं. म्हणून ॲनाविषयी मिळेल ते मी वाचत गेले.

तिचा जन्म ३० मार्च १८२० चा, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रेट यार्मथ इथला. घराणं क्वेकर पंथाचं. साधे कपडे, साधं बोलणं, भपका अजिबात नाही आणि मुक्या जिवाला त्रास देणं हे पापच. वडील आयझॅक यांना धंद्यात यश आलं नाही, त्यामुळे बिऱ्हाड सारखं हलत राहिलं. आई मेरी मोठी हिमतीची. ॲना आणि धाकटा फिलिप या दोघांना तिनं घरीच शिकवलं. शिकवायला पुस्तकं हवीत आणि पुस्तकांना पैसे, तर या बाईनं मुलांसाठीचं एक छोटं पुस्तक स्वतःच लिहून विकलं आणि त्या पैशात पोरांची पुस्तकं आणली! सुट्टीत मुलं नॉरफकमधल्या बक्स्टन गावी आईच्या माहेरच्यांकडे जायची. तिथे शेती होती, घोडे होते. ॲना घोड्यावर बसायला तिथेच शिकली.

ती चौदा वर्षांची असतानाची गोष्ट. तेव्हा ती माणसं लंडनजवळ स्टोक न्यूइंग्टनला राहत होती आणि ॲना नुकतीच शाळेत जाऊ लागली होती. पाऊस आला म्हणून शाळेतून धावत घरी येताना तिचा पाय घसरला आणि दोन्ही घोट्यांना दुखापत झाली. एवढंच. आपल्याकडे पोरं रोज पडतात, हळद-तेल लावलं की उठतात. ॲना मात्र पुन्हा कधी धड चालू शकली नाही. उपचार चुकले असावेत, असं पुष्कळ जण म्हणतात. काही दिवस बरे जायचे, मग महिनेच्या महिने आजारपण. आधाराशिवाय फार वेळ उभं राहता येत नव्हतं. समुद्राची हवा मानवेल म्हणून १८३६ मध्ये सगळे ब्रायटनला गेले. पुढे तिला युरोपात पाण्याचे उपचार घ्यायलाही नेलं. थोडा गुण यायचा आणि जायचा. लग्न झालं नाही. ती जन्मभर आईवडिलांजवळ राहिली.

चालता येत नाही, मग जायचं कसं? घरच्या घोडागाडीतून. वडील कामाला जात तेव्हा त्यांना स्टेशनवर सोडायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, हे काम ॲनानं आपल्याकडे घेतलं. गाडी ती स्वतः हाकायची. तिच्या शेजारी बसून प्रवास केलेल्या एका ओळखीच्या बाईंनी पुढे लिहून ठेवलंय, की तिच्या हातातला लगाम सैल असायचा, चाबूक ती वापरायचीच नाही आणि वाटभर घोड्याशी बोलत राहायची. जसं आपण शेजारणीशी बोलावं तसं.

मला इथे थांबावंसं वाटतं. घरात आणि बाहेर जिला दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागलं, तिला हिंडायचं स्वातंत्र्य दिलं ते एका जनावरानं. त्यामुळे त्याचे पाय कुठे दुखतात, श्वास कुठे अडकतो हे तिला दिसत असणार. चालती-फिरती माणसं गाडीत बसली की पुढचा घोडा विसरतात. तिला तो विसरणं शक्यच नव्हतं.

आईनं खरं लिखाण उशिरा, साठीच्या आसपास सुरू केलं. गोरगरिबांना समजतील अशी पद्यातली गोष्टी-कवनं. त्यातलं एक तर दहा लाखांवर खपलं. मेरीच्या प्रत्येक ओळीची पहिली परीक्षक ॲना. जे कृत्रिम वाटेल ते ती काढायला लावायची आणि मेरी ऐकायची. ग्लॉस्टरशरमध्ये विक गावी असताना या मायलेकींनी मजुरांसाठी संध्याकाळचे वर्गही चालवले आणि दारू सोडा म्हणून प्रचारही केला. आपल्याकडे उभी बाटली आडवी करायला बायका मतदानाला रांगा लावतात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. गडी दारू प्यायला की आधी मार खाते बायको, आणि गोठ्यात जनावर असेल तर तेही.

१८६७ मध्ये ते नॉर्विचजवळ ओल्ड कॅटन इथे राहायला आले. फिलिपची बायको वारली होती, पदरात सात मुलं होती, त्याच्याजवळ असावं म्हणून. इथेच १८७१ मध्ये ॲनाची तब्येत फारच खालावली. डॉक्टरांनी दीड वर्षाची मुदत सांगितली. तिनं पुस्तक लिहायला घेतलं ते याच वर्षी.

पुढची सहा वर्षं ती बहुतेक सोफ्यावरच होती. जमेल तेव्हा चिठोऱ्यांवर पेन्सिलीनं चार ओळी लिहायच्या, हात चालत नसेल तर आईला सांगायच्या. मेरीनं त्या चिठोऱ्या गोळा करून पक्क्या प्रती उतरवल्या. मेरी तेव्हा पंचाहत्तरी ओलांडून गेली होती. घरातलं दुखणं काढणं म्हणजे काय असतं हे आपल्याला माहीत आहे. त्यातून वेळ काढून या म्हातारीनं लेकीचं पुस्तक पुरं करून घेतलं. जगात नाव ॲनाचं झालं, पण मला निम्मं श्रेय मेरीचं वाटतं.

घराबाहेर न पडता तिनं माहिती तरी कुठून आणली? काही जन्मभराची शिदोरी होतीच. शिवाय ती दारात आलेल्यांशी बोलायची. एकदा भाड्याची गाडी दाराशी थांबली होती, तर तिनं खिडकीतूनच त्या गाडीवानाशी गप्पा मारल्या. रविवारी गाडी जुंपण्याच्या प्रश्नावर त्याला काय वाटतं, ते तिनं ऐकून घेतलं. त्या बोलण्याचा तिच्या मनावर खोल ठसा उमटला आणि पुस्तकात जेरी बार्कर हा गाडीवान आला. जेरी रविवारी गाडी काढत नाही. कमाई बुडते, तरी काढत नाही.

पुस्तकात बोलतो तो घोडा. ही कहाणी मूळ घोड्याच्या भाषेतली, ॲनानं फक्त अनुवाद केला, असं पहिल्या आवृत्तीवर गमतीनं छापलं होतं. आज प्राण्यांच्या तोंडून गोष्ट सांगणं नवं वाटत नाही, पण पंचतंत्रातले कोल्हे-कावळे बोलतात ते माणसाला शहाणपण शिकवायला. हा घोडा आपली स्वतःची तक्रार सांगतो.

तक्रारींत सगळ्यात मोठी आहे ती बेअरिंग रेनची. त्या काळी बड्या घरच्या बग्गीच्या घोड्यांची मान ताठ, उंच दिसावी म्हणून तोंडातल्या कडीपासून एक पट्टा मागे पाठीवरच्या साजाला आवळून बांधत. मान खाली घ्यायची सोयच नाही. बैलगाडी चढावर जाताना पाहिलीय ना? बैल मान खाली घालून, सगळं अंग पुढे झोकून जोर लावतो. घोड्याचंही तसंच. मान बांधलेली असेल तर सगळा ताण पाठीवर आणि पायांवर येतो, श्वास कोंडतो, तोंडाला फेस येतो. आणि हे कशासाठी, तर फॅशन म्हणून. पुस्तकात एका सरदारघराण्यातल्या बाईसाहेब पट्टा आणखी वर, आणखी वर आवळायला लावतात, तो प्रसंग वाचताना मला आपल्याच लग्नसराईतले नटवलेले घोडे आठवतात, कानाशी बँड वाजत असताना तासन् तास उभे केलेले.

पण तिनं सगळं खापर दुष्टपणावर फोडलेलं नाही, आणि हेच मला पुस्तकात सर्वांत मोलाचं वाटतं. जो ग्रीन नावाचा पोरगा आहे. रात्री डॉक्टरला आणायला ब्युटी जिवाच्या आकांतानं धावतो, घामानं निथळत परत येतो. जो प्रेमळच मुलगा, पण नवखा. तो घोड्याला गार पाणी पाजतो, भरपूर दाणा घालतो आणि अंगावर झूल टाकत नाही. ब्युटी मरता मरता वाचतो. त्याच तबेल्यातला मुख्य माणूस जॉन मॅनली म्हणतो, की नकळत केलं म्हणून सुटका होत नाही, माहीत करून घेणं हेही कर्तव्यच. दुसरीकडे रूबेन स्मिथ कामात वाकबगार, पण दारूडा. घोड्याच्या पायाचा नाल सैल झालेला असताना तो नशेत त्याला दगडगोट्यांच्या रस्त्यावरून पिटाळतो. घोडा पडतो, रूबेन मरतो आणि गुडघे फुटलेल्या ब्युटीची किंमत एका रात्रीत उतरते. तिथून तो विकला जात जात लंडनच्या भाड्याच्या गाडीला येतो. त्याची जिंजर नावाची मैत्रीण, तापट आणि देखणी घोडी, त्याच लंडनमध्ये हाल हाल होऊन मरते. मुलांच्या संक्षिप्त आवृत्त्यांत जिंजरचं प्रकरण दोन ओळींत उरकतात. मूळ वाचलं तर घास उतरत नाही.

खरं म्हणजे ॲनानं हे मुलांसाठी लिहिलंच नव्हतं. मोतद्दार, गाडीवान, तबेल्यात काम करणारी पोरं, ज्यांच्या हातात घोडा असतो त्यांनी वाचावं म्हणून लिहिलं होतं. म्हणून भाषा सोपी, प्रकरणं छोटी आणि नाल, खरारा, दाणापाणी, झापडं, लगाम यांची बारीकसारीक माहिती. काही ठिकाणी उपदेश जास्त होतो, हे मान्य करायला हवं. एखादा गाडीवान प्रवचनकारासारखा बोलायला लागतो. पण घोडा कसा ठेवावा याचं ज्ञान तिनं कथेत असं मुरवलंय, की वाचणाऱ्याला ते शिकवणं वाटत नाही.

नॉर्विचच्या जॅरल्ड आणि मंडळी या प्रकाशकांनी हस्तलिखिताचे एकरकमी चाळीस पौंड दिले. पुढच्या विक्रीत वाटा नाही. २४ नोव्हेंबर १८७७ ला पुस्तक बाहेर आलं आणि पाच महिन्यांनी, २५ एप्रिल १८७८ रोजी, अठ्ठावन्न वर्षांची ॲना गेली. पुस्तकाचं बरं चाललंय, एवढं तिला कळलं होतं. अंत्ययात्रेच्या दिवशी गाडी दाराशी आली. मेरीनं खिडकीतून पाहिलं, तर घोड्यांच्या माना बेअरिंग रेननं वर आवळलेल्या! ऐंशीच्या घरातली ती आई, पोटची पोर गेलेली, लगबगीनं बाहेर आली आणि आधी ते पट्टे सोडायला लावले. मग यात्रा निघाली.

पुढची हकिगत अमेरिकेतली. बॉस्टनचे जॉर्ज एंजेल हे तिथल्या प्राणिदया संस्थेचे प्रमुख. अशा पुस्तकाच्या ते शोधातच होते. १८९० मध्ये त्यांनी ते परस्पर छापलं आणि गाडीवान, तबेलेवाले यांच्यात लाखोंनी वाटलं. स्युएल कुटुंबाला त्यातून काही मिळालं नाही, मेरीही १८८४ मध्ये गेली होती. इंग्लंडमध्येही प्राणिदयावाल्यांनी ते उचलून धरलं आणि बेअरिंग रेनची फॅशन हळूहळू मागे पडली. आजवर पुस्तकाच्या पाच कोटींवर प्रती खपल्या असं सांगतात. आपल्या मुंबईतही प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारी संस्था १८७४ मध्येच, म्हणजे ॲना सोफ्यावर लिहीत होती तेव्हाच निघाली होती. परळचं जनावरांचं जुनं इस्पितळ तिचंच, आणि त्याला नाव आहे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट या बाईचं. मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या मात्र बेकायदा ठरायला २०१५ साल उजाडलं, तेही हायकोर्टाच्या आदेशानं.

ॲनाला नॉरफकमधल्या लामास या खेड्यात क्वेकरांच्या लहानशा दफनभूमीत पुरलं. आईवडीलही तिच्याजवळच. १९८४ मध्ये त्या जागेवर बुलडोझर फिरला आणि थडगी गेली. नावं कोरलेले दगड तेवढे वाचले. ते तिथल्याच जुन्या प्रार्थनाघराच्या बाहेर भिंतीत बसवलेले आहेत. ग्रेट यार्मथमधलं तिचं जन्माचं घर मात्र उभं आहे.