स्वतःचा खटला स्वतः लढणारे न्यायाधीश डॅनियल पाउल श्रेबर

जर्मनीतील ड्रेस्डेन येथील उच्च न्यायालयात ऑक्टोबर १८९३ मध्ये डॉ. डॅनियल पाउल श्रेबर हे पीठाध्यक्ष म्हणून रुजू झाले. त्यावेळी ते ५१ वर्षांचे होते आणि त्यांच्या पीठावरील बहुतेक न्यायाधीश वयाने व अनुभवाने त्यांच्याहून ज्येष्ठ होते. कामाचा ताण मोठा होता. काही आठवड्यांतच त्यांची झोप उडाली. रात्री भिंतीतून येणारी खुडबुड उंदराची असावी, असे त्यांना आधी वाटले. पुढे मात्र आपल्याला झोपू न देण्यासाठीच ती कोणीतरी मुद्दाम करीत आहे, अशी त्यांची खात्री पटत गेली.

श्रेबर यांचा जन्म २५ जुलै १८४२ रोजी लाइपझिग येथे झाला. त्यांचे वडील मोरित्झ श्रेबर हे मुलांच्या संगोपनावर लिहिणारे नामवंत वैद्य होते. मुलांनी ताठ बसावे म्हणून पट्टे व लोखंडी आधार वापरण्याचा पुरस्कार ते करीत. थोरल्या भावाने १८७७ मध्ये आत्महत्या केली. श्रेबर स्वतः १८८४ मध्ये संसदेची निवडणूक हरले आणि त्यानंतर प्रथमच आजारी पडले. लाइपझिगचे प्राध्यापक पाउल फ्लेक्सिग यांच्या उपचारांनी त्यांना बरे वाटले. त्यांच्या पत्नीने कृतज्ञतेपोटी फ्लेक्सिग यांचे छायाचित्र कित्येक वर्षे आपल्या मेजावर ठेवले होते.

हेच फ्लेक्सिग दुसऱ्या आजारपणात श्रेबर यांच्या दृष्टीने मुख्य शत्रू ठरले, हा दैवदुर्विलासच म्हणावा लागेल. आपल्या आत्म्याचाच खून करण्याचा कट या डॉक्टरांनी रचला आहे, असे त्यांना वाटू लागले. दैवी किरण आपल्या मज्जातंतूंमध्ये शिरून अखंड बोलतात, असा त्यांचा विश्वास होता. हे आवाज वाक्ये अर्धवट सोडत आणि ती पूर्ण करण्याची सक्ती त्यांच्या मनावर होई. क्षणभरही विचार न करता शांत बसण्याची मुभा नव्हती. बागेतील पक्षीही त्यांना पाठ केलेली वाक्ये ऐकवीत. भोवतालची माणसे खरी नसून घटकाभरासाठी निर्माण केलेली आहेत, असेही त्यांना दीर्घकाळ वाटत होते. नव्या मानवजातीला जन्म देण्यासाठी आपले स्त्रीत रूपांतर होत आहे, ही त्यांची धारणा तर अखेरपर्यंत टिकली.

जून १८९४ मध्ये त्यांना एल्ब नदीकाठच्या पिर्ना येथील झोननस्टाइन या मनोरुग्णालयात हलवण्यात आले. तेथे त्यांची आठ वर्षांहून अधिक काळ गेली. आवाजांना तोंड देण्याचे उपाय त्यांनी स्वतःच शोधून काढले. ते पियानो वाजवीत, मनातल्या मनात आकडे मोजत आणि पाठ असलेल्या कविता म्हणत. आवाज थांबले नाहीत, पण वर्षे सरली तशी त्यांची गती मंदावत गेली.

दरम्यान, स्वतःचा कारभार पाहण्यास ते असमर्थ असल्याचे ठरवून न्यायालयाने १९०० मध्ये त्यांना पालकाच्या अधीन ठेवले. श्रेबर यांनी या निर्णयाला आव्हान दिले आणि युक्तिवाद स्वतः लिहून काढला. येथे त्यांच्यातील कसलेला कायदेपंडित दिसतो. आपल्या धारणा भ्रम आहेत, हे त्यांनी एका ओळीतही मान्य केले नाही. वेडा असणे आणि पैशाचा व कुटुंबाचा व्यवहार न कळणे या दोन वेगळ्या बाबी आहेत, एवढाच त्यांचा मुद्दा होता. रुग्णालयाचे प्रमुख गिडो वेबर यांचा अहवाल सुटकेच्या विरोधात होता. मात्र आपल्या घरच्या पंक्तीला बसणारे श्रेबर हे सभ्य आणि बहुश्रुत गृहस्थ आहेत, हे वेबर यांनाही नमूद करावे लागले. जुलै १९०२ मध्ये ड्रेस्डेनच्या उच्च न्यायालयाने, म्हणजे श्रेबर यांच्याच जुन्या न्यायालयाने, त्यांच्या बाजूने निकाल दिला. ते मनोरुग्ण आहेत, हे न्यायालयाने मान्य केले; परंतु केवळ तेवढ्यावरून त्यांचे अधिकार काढून घेता येणार नाहीत, असा निर्वाळाही दिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ते घरी परतले.

१९०३ मध्ये त्यांच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. कुटुंबाविषयीचे एक प्रकरण त्यातून वगळण्यात आले होते. सिग्मंड फ्रॉइड यांनी श्रेबर यांना कधीही न भेटता केवळ या पुस्तकाच्या आधारे १९११ मध्ये आपला प्रसिद्ध निबंध लिहिला आणि दडपलेल्या समलैंगिक भावनेत या आजाराचे मूळ दाखवले. पुढील संशोधकांनी ते मत मोठ्या प्रमाणात नाकारले. काहींनी वडिलांच्या कठोर शिस्तीकडे बोट दाखवले, पण त्यावरही एकमत झाले नाही. फ्रॉइड यांच्या नावामुळे श्रेबर जगभर पोहोचले हे खरे. तरी त्यांचे स्वतःचे पुस्तक त्या निबंधापेक्षा अधिक वाचनीय आहे.

घरी त्यांना जेमतेम पाच वर्षे मिळाली. १९०७ मध्ये आईचे निधन झाले आणि नोव्हेंबरमध्ये पत्नीला पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर काही दिवसांतच श्रेबर यांना लाइपझिगजवळच्या डोझन येथील मनोरुग्णालयात दाखल करावे लागले. तेथेच १४ एप्रिल १९११ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या झोननस्टाइनमधून ते निकाल जिंकून बाहेर पडले, तेथेच १९४० आणि १९४१ मध्ये नाझी राजवटीने १३ हजारांहून अधिक मनोरुग्णांना व अपंगांना विषारी वायूने ठार केले. त्यांच्यासाठी कोणत्याही न्यायालयात सुनावणी झाली नाही.