कटगुणचा वारस आणि नगरपालिकेतील एक मत

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील कटगुण हे महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव. त्यांचे पणजोबा गोऱ्हे आडनावाचे. ते गावचे चौगुला, म्हणजे पाटलाच्या हाताखालचे कामगार. गावचे दप्तर मात्र कुलकर्ण्याच्या हाती असे. चरित्रकार सांगतात, की कुलकर्ण्याच्या छळामुळे वाद विकोपाला गेला, त्यात कुलकर्ण्याची हत्या झाली आणि कुटुंबाला गाव सोडून पुरंदर तालुक्यातील खानवडीचा आश्रय घ्यावा लागला. बुद्धाच्या मार्गाने जाऊ पाहणारे आम्ही त्या हत्येचे समर्थन करीत नाही. परंतु ज्याच्या हाती लेखणी आणि दप्तर, तो गरिबाचे गाव सोडवू शकतो, हे या घराण्याने सोसून जाणले होते. जोतीरावांच्या सार्वजनिक जीवनाचा विचार करताना ही पार्श्वभूमी आम्हांस महत्त्वाची वाटते.

पुढे आजोबा शेटिबा पुण्यास आले. फुलांच्या व्यवसायामुळे घराण्याला फुले हे नाव मिळाले. १८२७ साली जोतीरावांचा जन्म झाला. सातारा जिल्ह्यातीलच नायगावच्या सावित्रीबाई त्यांच्या सहचारिणी झाल्या. १८४८ ची मुलींची शाळा, १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद, १८७३ चा सत्यशोधक समाज हा इतिहास आपल्या वाचकांना पाठ आहे. जयंतीच्या भाषणांत क्वचितच येणारा भाग वेगळाच आहे. १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते.

उपजीविकेसाठी ते शेती आणि बांधकामाची कंत्राटे करीत. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याचे धरण या कामांशी त्यांच्या व्यवसायाचा संबंध आला. त्यामुळे सरकारी खात्यांतील व्यवहार त्यांनी अगदी जवळून पाहिला. अर्ज कसा अडतो, कागद कोठे थांबतो, निरक्षर शेतकऱ्याच्या भांडणात तेल ओतून लाच कशी उकळली जाते, याचे विदारक चित्र त्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात आढळते. शेतकऱ्यांची मुले शिकावीत आणि कारभाराच्या जागांवर यावीत, ही त्यांची मागणी या अनुभवातूनच आली.

स्वतः सभासद झाल्यावर ते कसे वागले? व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून स्वागताकरिता एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव नगरपालिकेपुढे आला. सभासद बत्तीस. त्यांतील बहुतेक सरकारच्या मर्जीने नेमलेले आणि जोतीरावही तसेच नेमलेले. ज्या सरकारने खुर्ची दिली, त्याच्याच सर्वोच्च अधिकाऱ्याच्या सन्मानाला विरोध करणे सोपे नव्हते. ठरावाच्या विरोधात एकच मत पडले. ते जोतीरावांचे होते. करदात्यांचा पैसा शोभेसाठी उधळण्यापेक्षा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, ही त्यांची भूमिका होती.

१८८० साली शहरात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहून त्यांनी या दुकानांमुळे होणारी नागरिकांची नैतिक हानी निदर्शनास आणली. मोठ्या खर्चाची नवी मंडई बांधण्याची योजना आली, तेव्हाही त्यांनी विरोध केला. मंडई झाली, रे मार्केट हे तिचे नाव होते. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. ज्या वास्तूला त्यांचा विरोध होता, ती आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. नाव देणे सोपे असते. त्या नावामागचा विचार पाळणे कठीण असते, एवढा बोध त्यातून घ्यावा.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. कंत्राटदाराला मोठी बांधकामे हवीशी वाटतात. स्वतः कंत्राटदार असलेल्या या सभासदाने मात्र सार्वजनिक खर्चाला हात आखडता घ्यायला सांगितले. सभासदाचे हित आणि संस्थेचे हित यांत अंतर राखावे, हे आजचे कायदे सांगतात. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या कामात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला सदस्य अपात्र ठरतो. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे वर्तणूक नियम आहेत. भेटवस्तू, खाजगी व्यापार, मालमत्ता यांविषयी त्यांत बंधने घातली आहेत. हे नियम नव्हते, त्या काळी जोतीरावांना त्यांच्या विवेकाने बांधून ठेवले होते.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. सत्यशोधक विचार मात्र सातारा-सांगलीच्या मातीत खोल रुजला. तेव्हा सांगलीचा मोठा भाग सातारा जिल्ह्यातच होता. कर्मवीर भाऊराव पाटील, क्रांतिसिंह नाना पाटील या प्रवाहातूनच पुढे आले. साताऱ्याच्या शाळेत १९०० साली नाव घातलेल्या भीमरावाने पुढे जोतीरावांना गुरू मानले आणि १९४६ चा शूद्रांविषयीचा ग्रंथ त्यांना अर्पण केला. वंशपरंपरागत वतनाच्या नावाखाली महारांना राबविणाऱ्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली विधेयक मांडले. गावच्या अधिकाराचा प्रश्न दोघांनाही सारखाच जिव्हाळ्याचा होता.

आज संविधानाने आणि राखीव जागांनी तो अधिकार आपल्या घरांत आणला आहे. माण-खटावच्या, जत-तासगावच्या वाड्यावस्त्यांतून आपल्या वसतिगृहात आलेली मुले आज ग्रामसेवक आहेत, तलाठी आहेत, शिक्षक आहेत. काही सरपंच आणि पंचायत समितीचे सदस्य झाले आहेत. कटगुणला जे दप्तर परक्याच्या हाती होते, ते आता आपल्या टेबलावर आहे. जन्माचा दाखला, घरकुलाची यादी, विधवेचे निवृत्तिवेतन घेऊन टेबलापाशी जो उभा राहतो, तो बहुधा आपल्याच बापासारखा, आपल्याच आईसारखा असतो. त्याला दोन खेपा जास्त घालायला लावणारा माणूस कोणत्या जातीचा आहे, याने त्याचे दुःख कमी होत नाही.

सम्यक आजीविका हा धम्माच्या अष्टांगिक मार्गाचा एक भाग आहे. प्रार्थनेत तो रोज म्हणणाऱ्यांनी कार्यालयातही तो पाळावा, अशी आमची माजी विद्यार्थ्यांना कळकळीची विनंती आहे. जोतीरावांच्या प्रतिमेला हार घालणारे हात पुष्कळ आहेत. बत्तीस जणांच्या सभेत एकट्याने वर होणाऱ्या हाताची उणीव आहे, आणि ती भरून काढणे या शाळेत शिकलेल्यांचे कर्तव्य आहे.