डोंगरीच्या तुरुंगातला हॅम्लेट

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आम्ही ‘हॅम्लेट’मधले तीन प्रवेश बसवले होते. भाषांतर नाना जोगांचे. माझ्या वाट्याला होरेशिओ आला. होरेशिओ म्हणजे बहुतेक वेळ उभे राहणे आणि दुसऱ्याचे ऐकून घेणे; त्यावरून मित्रांनी माझी थट्टाही पुष्कळ केली. तालमीच्या तिसऱ्या दिवशी सरांनी आम्हांला विचारले की हॅम्लेट खरोखर वेडा आहे की वेडाचे सोंग घेतो, आणि बापाच्या खुनाचा सूड उगवायला तो एवढा उशीर का लावतो. कुणी म्हणाले तो भित्रा आहे, कुणी म्हणाले तो फार विचार करतो. मी गप्प बसलो. मला काहीच सुचत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात गेलो. ग्रंथपालांनी टीकाग्रंथ काढून दिलेच, पण वर एक जुने, पाने पिवळी पडलेले पुस्तक ठेवले : गोपाळ गणेश आगरकरांचे ‘विकारविलसित’. आगरकर आम्हांला भेटतात ते निबंधाच्या तासाला, सुधारक म्हणून. या गृहस्थांनी १८८३ साली ‘हॅम्लेट’ मराठीत आणले, डेन्मार्कच्या राजपुत्राला चंद्रसेन केले, आणि हे काम चालले ते तुरुंगाच्या दिवसांत, हे मला ठाऊकच नव्हते. सरांच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला गेलो आणि महिनाभर आगरकरांचेच चरित्र वाचत बसलो.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा. घरी अठराविश्वे दारिद्र्य. शाळा मधेच सुटली. कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले, आणि शेवटी नातेवाइकांच्या आधाराने अकोल्यास जाऊन मॅट्रिक झाले. तेथे त्यांना विष्णु मोरेश्वर महाजनींसारखे शिक्षक लाभले. महाजनी स्वतः शेक्सपिअरचे भक्त. ‘सिंबेलाइन’चे ‘तारा’ आणि ‘विंटर्स टेल’चे ‘मोहविलसित’ त्यांनीच केले. ‘विकारविलसित’ हे नाव त्या घराण्यातलेच दिसते. शिष्याने गुरूचे ऋण असे न बोलता फेडले असावे, असा माझा आपला तर्क.

पुढे डेक्कन कॉलेज. तेथला त्यांचा एकुलता एक सदरा सर्वांना माहीत आहे. रात्री धुवायचा आणि सकाळी तोच अंगात घालायचा. फीसाठी नाटक लिहून एखाद्या मंडळीला विकावे असा बेत त्यांनी केला होता आणि केरूनाना छत्र्यांनी मदत करून त्यांना अभ्यासाकडे वळवले, अशी एक हकीकत सांगतात. नाटकाचा नाद असा आधीपासूनचा होता. याच कॉलेजात टिळकांची गाठ पडली. सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची, हा निश्चय टेकड्यांवर फिरता फिरता झाला. १ जानेवारी १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल निघाले, आगरकर एम.ए. होऊन तेथे आले, आणि १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ व ‘मराठा’ सुरू झाले. ‘केसरी’चे संपादक आगरकर, ‘मराठा’चे टिळक. आगरकरांचे वय तेव्हा चोवीस होते. आमच्या वर्गातल्या बाकांवर बसणाऱ्यांपेक्षा तीनचार वर्षांनीच मोठे!

आणि पहिल्याच वर्षी कोल्हापूरचे प्रकरण उद्भवले.

कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज हे दत्तक आलेले, अगदी तरुण. त्यांच्या बुद्धीला भ्रम झाला आहे असे इंग्रज डॉक्टर आणि अधिकारी म्हणत. लोकांचा त्यावर विश्वास नव्हता. महाराजांना छळून छळून वेडे करण्यात येत आहे, आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, असा संशय दक्षिणेत सर्वत्र पसरला होता. बर्व्यांच्या हातची म्हणून काही पत्रे पुढे आली. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी त्यांवर विसंबून झोड उठवली. बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद लावली आणि चौकशीत ती पत्रे बनावट निघाली! टिळक-आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली, पण शिक्षा चुकली नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबरला ते सुटले.

आता ‘हॅम्लेट’ नाटकाचे कथानक आठवून पाहावे. राजा मेलेला, त्याचा भाऊ गादीवर, आणि रात्री तटावर बापाचे भूत येऊन मुलाला सांगते की माझा खून झाला, सूड घे. मुलाच्या मनात तर आधीपासूनच संशय होता. दुसरा कुणी असता तर त्याच रात्री तलवार उपसून धावला असता. हॅम्लेट धावत नाही. हे भूत खरेच बापाचे की मला भुलवायला आलेला सैतान, असा प्रश्न त्याला पडतो. म्हणून तो नटांकरवी राजापुढे तशाच खुनाचा प्रवेश करवतो, आणि राजाचा चेहरा न्याहाळायला आपल्याखेरीज दुसरा एक साक्षीदार नेमतो. तो साक्षीदार म्हणजे होरेशिओ, माझी भूमिका! ज्या कामाची मित्रांनी थट्टा केली, ते उभे राहून नुसते पाहण्याचे काम नाटकाच्या ऐन मध्यावर आहे, हे मला या वाचनात प्रथम कळले.

उलट लेआर्टिसकडे पाहा. त्याचाही बाप मारला गेला आहे. तो चौकशी करीत नाही. रागाने आंधळा होऊन धावत येतो आणि खऱ्या गुन्हेगाराच्याच हातातले हत्यार बनतो. त्याच्या तलवारीला विष लागते ते राजाच्या संमतीने. एकाच नाटकात शेक्सपिअरने दोन सूड शेजारी शेजारी मांडले आहेत, एक पुरावा मागणारा आणि एक न मागणारा.

१८८१ सालचे आमचे दोघे तरुण संपादक लेआर्टिस होते, असे म्हटले तर ते धाडसाचे होईल. पण मला तसे वाटते खरे. त्यांचा हेतू शुद्ध होता, संताप सच्चा होता, आणि हातात आलेला कागद त्यांनी पारखून घेतला नव्हता. भूत जे सांगेल ते त्यांनी खरे मानले. त्याची शिक्षा भोगण्याच्या दिवसांत आगरकरांनी जवळ केले ते हे नाटक. यामागे त्यांच्या मनात काय होते, ते त्यांनी मला सांगितलेले नाही आणि मी ते त्यांच्या तोंडी घालणार नाही. ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ या पुस्तकात त्यांनी तेथल्या दिनक्रमाची हकीकत दिली आहे. त्या लहानशा कोठडीत टिळकांशी रात्र रात्र चाललेल्या वादांची आठवणही आहे. पण खोट्या पत्राने फसलेला माणूस खरे-खोटे पारखणाऱ्या राजपुत्राची भाषा मराठीत उतरवतो, हा योगायोग मला स्वस्थ बसू देत नाही.

वेडाबद्दल दोन शब्द. आज आपण विकार म्हणतो तेव्हा आजार डोळ्यांपुढे येतो. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे वेडाचा डॉक्टर. आगरकरांच्या काळी मनोविकार म्हणजे राग, लोभ, प्रेम, मत्सर, शोक, म्हणजे धडधाकट माणसाच्या मनात उठणारे तरंग. ‘विकारविलसित’ म्हणजे या विकारांचा खेळ. नावातच त्यांनी निवाडा देऊन टाकला आहे असे मी समजतो. चंद्रसेन वेडा आहे की नाही हा त्यांच्या दृष्टीने मुख्य प्रश्न नसावा. शहाण्या माणसाच्या मनात विकार आणि विवेक यांची झुंज कशी लागते, हा असावा. खरे वेड नाटकात आहेच, पण ते ओफिलियाचे. तिच्या वेडाला कुणी राजकारण म्हणत नाही, तिच्यावर पाळत ठेवायचे राजा सांगतो खरा, पण तिला सांभाळीत कुणीच नाही. ती गाणी गाते, फुले वाटते आणि बुडून मरते.

येथे एक घरची गोष्ट सांगतो. माझ्या वडिलांच्या एका आत्याला गावात सगळे वेडी म्हणत. माजघरामागच्या खोलीत तिचे आयुष्य गेले. लहानपणी आम्ही तिला भीत असू. ती गेल्यावर पुष्कळ वर्षांनी कागदपत्रे चाळताना कळले की तिच्या नवऱ्याच्या वाटणीची जमीन ज्या वर्षी दुसऱ्याच्या नावावर चढली, त्याच वर्षापासून ती वेडी झाली होती. ती खरेच भ्रमिष्ट होती का? असेलही. आता विचारायला कुणी उरलेले नाही. पण तेव्हापासून कुणी कुणाला वेडा ठरवले की तसे ठरल्याने कुणाचे काय साधते, हे मी आधी पाहतो. हॅम्लेटला वेडा ठरवून इंग्लंडला धाडणारा राजाच असतो.

कोल्हापूरचे ते तरुण महाराज पुढे अहमदनगरला ठेवण्यात आले. ‘विकारविलसित’ ज्या साली छापून निघाले त्याच साली, २५ डिसेंबर १८८३ रोजी, ग्रीन नावाच्या गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. वय अवघे वीस वर्षांचे! पत्रे खोटी होती, म्हणून संशयही सगळा खोटाच होता काय? याचे उत्तर कोर्टाच्या निकालात मिळत नाही.

यानंतरचे आगरकर सर्वपरिचित आहेत. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी, पुढल्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज. मग टिळकांशी मतभेद, १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडणे, आणि ऑक्टोबर १८८८ पासून स्वतःचा ‘सुधारक’. त्यांचे या काळातले निबंध मी ‘हॅम्लेट’नंतर पुन्हा वाचले तेव्हा ते मला निराळेच दिसले. बालविवाह असो, केशवपन असो, सोवळेओवळे असो, ते एकच गोष्ट विचारतात : हे खरे कशावरून? शास्त्रात आहे, वाडवडील सांगत आले, एवढ्याने त्यांचे समाधान होत नाही. वाडवडिलांचे भूत तटावर उभे राहून आज्ञा करते आणि हा माणूस म्हणतो, आधी तुझी परीक्षा घेईन. कोल्हापूरच्या प्रकरणात जो प्रश्न विचारायचा राहिला होता, तो त्यांनी उरलेल्या आयुष्यात प्रत्येकाला विचारला.

पुण्याने याचा सूड घेतला. आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली आणि प्रतिमा जाळण्यात आली. दम्याने जर्जर झालेल्या माणसाने स्वतःचे प्रेत जाताना पाहिले. शेक्सपिअरलाही असा प्रवेश सुचला नाही! त्यावर आगरकरांनी प्रतिसूड काही घेतला नाही, ते पुढला अंक लिहीत राहिले. घरी यशोदाबाई आपली व्रतवैकल्ये करीत, त्यांनाही त्यांनी जुलूम करून थांबवले नाही. मला हे त्यांच्या लेखांइतकेच मोठे वाटते. मात्र ते शांत स्वभावाचे होते असे कुणी समजू नये. त्यांची लेखणी जहरी होती, आणि टिळकांशी झालेल्या वादात दोन्ही बाजूंनी जे लिहिले गेले ते आज वाचतानाही अंगावर येते. एका कोठडीत राहिलेल्या दोन मित्रांचे हे असे व्हावे, यात विकारांचा हात नव्हता असे कोण म्हणेल?

१८९२ साली वामन शिवराम आपटे वारले आणि आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. तीनच वर्षे. १७ जून १८९५ ला, एकोणचाळीस पुरी होण्याआधी, ते गेले. आपल्या मागे दहनाच्या खर्चासाठी कुणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुरचुंडीत बांधून ठेवले होते. ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनी लिहिला.

चंद्रसेन मात्र रंगभूमीवर जगला. शाहूनगरवासी नाटक मंडळीचे गणपतराव जोशी ही भूमिका करीत, आणि तिच्यासाठी लोक लांबलांबून येत. टेंभूच्या मुलाने तुरुंगाच्या दिवसांत घडवलेला राजपुत्र सातारच्या मंडळीबरोबर गावोगाव हिंडला.

आमच्या प्रयोगाच्या दिवशी मी रंगमंचाच्या उजव्या कोपऱ्यात उभा होतो. नाटकातले नाटक सुरू झाले, राजाच्या कानात विष ओतण्याचा प्रसंग आला. तालमीत मी या वेळी हॅम्लेटकडे पाहत असे, कारण प्रेक्षक त्याच्याकडे पाहतात. त्या दिवशी मी राजाच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. आमचा राजा झालेला मुलगा नंतर म्हणाला की तुझ्या त्या पाहण्याने मला खरेच घाम फुटला.