देवळालीचे अंकोपासक

नाशिकजवळच्या देवळाली गावी एक शिक्षक होऊन गेले. शाळेत ते मुलांना शिकवीत आणि उरलेला वेळ अंकांच्या सहवासात घालवीत. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना आई निवर्तली. कारकुनी करणाऱ्या वडिलांनी त्यांना वाढविले. कोडी सोडविण्याचा नाद त्यांना बालपणापासून होता. ठाण्यातील शिक्षण संपवून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९२७ साली स्वतंत्र गणिती लेखनाबद्दल त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पुढील उच्च शिक्षण मात्र त्यांना लाभले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीस अध्यापन केले.

त्यांचे संशोधन मुलांनाही समजेल असे आहे. कोणतीही संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. २३ मध्ये २ आणि ३ यांची बेरीज मिळविली की २८ येतात. त्याच रीतीने पुढे ३८, ४९, ६२ अशी मालिका चालू राहते. येथे २३ ही २८ ची जननी होय. १०१ या संख्येला तर ९१ आणि १०० अशा दोन जननी आहेत. मग प्रत्येक संख्येस जननी असते काय? कापरेकरांनी शोध घेतला, तेव्हा २० ला जननीच नाही असे आढळले. अशा संख्यांना त्यांनी स्वयंभू म्हटले. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ या त्यांतील पहिल्या होत.

१९४९ साली त्यांनी आणखी एक नवल जगापुढे मांडले. २९६१ चे अंक उतरत्या क्रमाने मांडले की ९६२१ होतात, चढत्या क्रमाने १२६९. वजाबाकी ८३५२ येते. हीच कृती पुन्हा केल्यास ८५३२ मधून २३५८ वजा जाऊन ६१७४ उरतात. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. फार तर सात वेळा ही कृती केल्यावर ६१७४ च हाती येते. पुढे कितीही वजाबाक्या केल्या तरी ही संख्या बदलत नाही. तिला आज कापरेकर स्थिरांक म्हणतात.

तथापि अनेक विद्वानांना हे कार्य क्षुल्लक वाटले. कापरेकर खचले नाहीत. आपले कित्येक लेख ते स्वतःच छापून घेत. सेवानिवृत्तीनंतर निवृत्तिवेतन अपुरे पडू लागले, तेव्हा त्यांनी शिकवण्या केल्या. परंतु अंकांची उपासना सोडली नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने त्यांच्या शोधांवर लिहिले आणि सत्तरीच्या या शिक्षकाचे नाव जगभर पोहोचले. १९८६ साली ते निवर्तले.

महागडी साधने नसली, मानसन्मान लांबला, तरी जिज्ञासा जागी असेल तर साध्या बेरीज-वजाबाकीतूनही नवे सत्य गवसते, हे कापरेकरांनी दाखवून दिले. विद्यार्थ्यांनो, कागद घ्या आणि ५३ ची जननी शोधून पाहा.