अमरावतीचे मुधोळकर आणि देशाचे खनिज

अमरावतीच्या सार्वजनिक जीवनात एके काळी दोन वकिलांचा शब्द चाले. त्यांपैकी दादासाहेब खापर्डे टिळकांचे सहकारी म्हणून आजही स्मरणात आहेत. रावबहादूर रघुनाथ नरसिंह मुधोळकर मात्र काँग्रेस अध्यक्षांच्या यादीपुरतेच उरले. त्यांच्या नेमस्तपणाची ही शिक्षा जरा जास्तच झाली.

१८५७ साली धुळ्यास जन्मलेले मुधोळकर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले आणि वकिलीसाठी अमरावतीस आले. १८९० मध्ये काँग्रेसच्या शिष्टमंडळातून ते इंग्लंडला गेले. १९१२ च्या बांकीपूर अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. परंतु त्यांचे खरे काम निराळेच होते.

१९०५ साली बनारसला रमेशचंद्र दत्त यांच्या अध्यक्षतेखाली पहिली औद्योगिक परिषद भरली. मुधोळकर तिचे सरचिटणीस झाले आणि देशभराच्या या परिषदेचे कार्यालय अमरावतीत आले. अकोला-अमरावतीच्या बाजारांतून कच्चा कापूस मुंबई बंदराकडे जाताना पाहणाऱ्या वऱ्हाडला परिषदेचा प्रश्न समजावून सांगावा लागत नव्हता.

कापसाचीच गत खनिजाची होती. १९०३ मध्ये वऱ्हाड ज्या मध्य प्रांताला जोडला गेला, त्याच प्रांतात नागपूर, भंडारा, बालाघाट येथे १९०० च्या सुमारास मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या होत्या. मँगनीजवाचून पोलाद होत नाही, आणि पोलादावाचून रेल्वे नाही की तोफ नाही. रशिया व भारत हे तेव्हाचे प्रमुख उत्पादक. १९०५ च्या रशियातील अशांततेने तिकडचा पुरवठा विस्कळीत होताच भारतीय खनिजाचा भाव वधारला. माल आपला, गरज जगाची. तरी पहिल्या महायुद्धापर्यंत फेरोमँगनीज देशात जवळजवळ बनतच नव्हते. दगड जात होता, आणि त्याच्यापासून झालेले पोलाद विकत घेतले जात होते.

१९१४ साली युद्ध पेटले तेव्हा सरकारचेही डोळे उघडले. तेव्हा भारतात मोडणाऱ्या ब्रह्मदेशातील टंगस्टनचे खनिज आजवर जर्मनीच्या कारखान्यांत जात होते! १९१६ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक आयोग नेमला गेला. मुधोळकरांची परिषद तोवर दशकभर या प्रश्नाचा पाठपुरावा करीत होती.

१३ जानेवारी १९२१ रोजी मुधोळकर वारले. त्या वर्षीही भंडारा-बालाघाटचे मँगनीज वाघिणींतून बंदराकडे जातच होते.