बाबा पदमनजी: समाजाचं अधःपतन त्यांना कुठे दिसलं?

समाज बिघडला की पहिलं बोट नव्या पिढीकडे जातं. बाबा पदमनजींनी मात्र बोट ठेवलं ते घराघरांत जपलेल्या रूढींवर.

१८३१ मध्ये बेळगावात कासार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते मुंबईच्या परमहंस सभेत होते. ही मंडळी जातिभेद मोडायची, पण गुपचूप. बाबांनी १८५४ मध्ये उघडपणे ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

१८५६ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा आला. तरी उच्चवर्णीय घरांत विधवांचं केशवपन आणि छळ सुरूच होता. पुढच्याच वर्षी बाबांचं ‘यमुनापर्यटन’ आलं. अनेक अभ्यासक याला मराठीतली पहिली कादंबरी मानतात. यमुना नवऱ्यासोबत प्रवासाला निघते आणि जागोजागी विधवांचे हाल पाहते. मग नवरा जातो आणि तीच विधवा होते. शेवटी ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते.

म्हणजे इथे दोषी ठरतात ती देवधर्म पाळणारी, प्रतिष्ठित घरं. बाबांनी सुचवलेला धर्मांतराचा मार्ग तेव्हाही अनेकांना पटला नाही. १९०६ मध्ये ते गेले. पण समाज किती घसरला हे घरातल्या सगळ्यात दुबळ्या माणसाच्या वाट्याला काय येतं त्यावरून मोजायचं, ही त्यांची मोजपट्टी आजही लागू पडते.