श्रीगुरु हैबतबाबा आरफळकर

माउलींच्या सोहळ्यात आपली दिंडी शंभर वर्षे चालली. ज्यांनी घालून दिलेल्या शिस्तीत ती चालली, त्या हैबतबाबांचे चरित्र या स्मरणिकेत आलेच पाहिजे, असे आम्हा सर्वांचे म्हणणे पडले.

बाबा सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, आडनाव पवार. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी ते सरदार होते. हाताशी माणसे, कमरेला तलवार, मनगटात जोर. कमावलेले धन घेऊन ते गावाकडे निघाले आणि सातपुड्याच्या रानात लुटारूंच्या टोळीने त्यांना गाठले. धन तर गेलेच, वर त्यांना एका गुहेत कोंडून तोंडाशी मोठी धोंड लावली.

आता सरदारकी काय कामाची? आत तलवार नाही, फौज नाही, आणि धोंड एकट्याने हलणारी नाही. लहानपणापासूनचा हरिपाठ तेवढा मुखात होता. बाबांनी तोच धरला. एकवीस दिवस असे गेले, असे परंपरेने सांगतात. एकविसाव्या दिवशी टोळीच्या नायकाला मुलगा झाला. त्या आनंदात त्याला कोंडलेल्या माणसाची आठवण झाली. धोंड बाजूला सारली, तर आत बाबा हरिपाठात रंगलेले. नायकाने त्यांना मोकळे करून मानाने वाटेला लावले.

कुणी कुणी कीर्तनात रंगवून सांगतात की नामाच्या जोराने धोंड फुटली. आम्हाला ते पटत नाही. ज्यांनी लावली त्यांच्याच हातांनी ती निघाली, हीच तर खरी गोष्ट! कुणाच्या घरी पाळणा हलावा आणि त्यातून आपली सुटका व्हावी, हा बेत कुठल्या सरदाराच्या डोक्यात आला असता? बाबांनी सुटकेचा मार्गही ठरवून मागितला नाही. कसे सोडवायचे ते त्याचे त्याला ठाऊक, एवढ्यावरच ते बसले.

सुटल्यावर आरफळ गाठायचे सोडून ते थेट आळंदीला आले आणि माउलींचेच झाले. शेजारती झाली की समाधीपुढे भजनाला उभे राहायचे ते काकड्यापर्यंत. फौजेत पहाऱ्याला जागलेला माणूस, जागरणाचे त्याला काय वाटणार!

पालखीची परंपरा त्यांच्याही आधीची. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली. तुकोबांच्या पादुका देहूहून निघायच्या, आळंदीला माउलींच्या पादुका घ्यायच्या आणि सोहळा एकत्रच पंढरीला जायचा. पुढे एकोणिसाव्या शतकात माउलींची पालखी स्वतंत्र निघू लागली, ती हैबतबाबांच्या पुढाकाराने. त्यांच्याजवळ स्वतःचे असे काही उरलेले नव्हते. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू, नैवेद्याची सोय केली. वासकरांसारख्या फडकऱ्यांची साथ मिळाली. आजही अश्व अंकलीहूनच पायी येतात आणि माउलींच्या अश्वावर कुणी बसत नाही.

सातपुड्यात जी सरदारकी कामाला आली नाही, ती इथे आली. रथापुढे २७ दिंड्या, मागच्या वेगळ्या, प्रत्येकीचा नंबर ठरलेला. तळावर समाजआरतीला चोपदाराचा दंड वर गेला की लाखोंचा गलबला जागच्या जागी थांबतो. चाल फौजेचीच, हुकूम मात्र माउलींचा. नाही म्हटलं तरी नंबरावरून, पाण्याच्या टँकरवरून, राहुटीच्या जागेवरून आपल्याकडेही कुरबुरी होतात. तेव्हा आपले जुने विणेकरी भांडणात न पडता हरिपाठ सुरू करायचे. आवाज चढवलेले गडी दुसऱ्या-तिसऱ्या अभंगाला टाळ हातात घ्यायचे.

बाबांची समाधी आळंदीत महाद्वाराच्या पहिल्या पायरीशी आहे. कार्तिक वद्य अष्टमीला त्या पायरीचे पूजन होते आणि मग आळंदीची कार्तिकी सुरू होते. आत माउलींकडे निघालेला वारकरी आधी तिथे वाकतो.